सोळा फुटी होडीला दिवे: कुठले, कुठे आणि तार कशी ओढायची

गोव्यातल्या शिवोलीच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांची फायबरची सोळा फुटी होडी आहे, मागे पंधरा हॉर्सपॉवरचं पेट्रोल आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, दोरी ओढून सुरू होणारं. संध्याकाळी मुलांना घेऊन शापोरा नदीत गरी टाकायला जातात आणि परतताना हमखास काळोख होतो. होडीवर आज एकही तार नाही. स्कूटरची जुनी बॅटरी चालेल का, इंजिनावर ती चार्ज होईल का, आणि गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या मेस्त्रीकडून काम करून घ्यावं का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. शिवाय जीपवर असतो तसा एलईडी बार नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, लावायचा त्यांचा विचार आहे.

तो बार आधी यादीतून काढा. तुमचे बाकीचे प्रश्न सरळ आहेत, पण बारामागचा विचारच बदलायला हवा. होडीवरचा दिवा आपल्याला पुढचं दिसावं म्हणून नसतो. आपण दुसऱ्याला दिसावं, आणि नुसतं दिसावं एवढंच नाही तर आपण कुठल्या दिशेला चाललो आहोत हे त्याला कळावं म्हणून असतो. एकदा हे मनात पक्कं बसलं की दिवा कुठला घ्यायचा, किती उंच लावायचा, तार कसली वापरायची, याची उत्तरं आपोआप मिळत जातात.

बारामुळे नेमकं उलट होतं. काळोखाला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि पांढरा झोत पुढच्या रेलिंगवर, दोरीवर, उडणाऱ्या तुषारांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत आला की ती सगळी सवय क्षणात जाते. समोरून वल्हवत येणाऱ्या होडीवाल्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. शिवाय त्या झगमगाटात तुमचे लाल-हिरवे दिवे त्याला दिसतच नाहीत. नियमही हेच सांगतो: ठरलेल्या दिव्यांशी गल्लत होईल किंवा नजर ठेवायला अडथळा होईल असा दुसरा दिवा लावायचा नाही. नदीत खुंट मारून लावलेली जाळी बघायला आणि धक्क्याला लागताना झोत हवाच. त्यासाठी हातातली चांगली विजेरी ठेवा, हवी तेव्हा पेटवा, काम झालं की विझवा.

आता नियम काय म्हणतो ते बघू. समुद्रातली टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम भारतालाही लागू आहेत. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, आणि धुकं किंवा जोराच्या पावसात दिवसाही, दिवे हवेत. बारा मीटरपेक्षा लहान यांत्रिक होडीला दोन गोष्टी पुरतात: चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा, आणि बाजूचे दिवे, म्हणजे डावीकडे लाल नि उजवीकडे हिरवा. पांढरा दिवा दोन सागरी मैलांवरून आणि बाजूचे एक मैलावरून दिसले पाहिजेत.

इथे एक गैरसमज जेटीजेटीवर ऐकू येतो: ‘लहान होडीला एक पांढरा दिवा पुरे.’ ही सवलत आहे खरी, पण तिला दोन अटी आहेत आणि दोन्ही एकदम पूर्ण व्हायला हव्यात. होडी सात मीटरपेक्षा लहान हवी, आणि तिचा जास्तीत जास्त वेग सात नॉट, म्हणजे ताशी साधारण तेरा किलोमीटर, यापेक्षा जास्त नको. तुमची होडी पाच मीटरच्या आत आहे, पण पंधरा हॉर्सपॉवरवर ती सात नॉट सहज ओलांडते. तुम्ही रोज हळू चालवत असाल तरी होडीची ताकद धरली जाते. त्यामुळे तुम्हाला लाल-हिरवा लागेलच. ही मला नुसती कागदी अट वाटत नाही. पणजीसमोर मांडवीत रात्री एकदा बघा: कॅसिनोंची जहाजं, अटल सेतूची रोषणाई, काठावरची हॉटेलं. त्या गर्दीत एकटा पांढरा दिवा कुणालाही ओळखू येत नाही. लाल किंवा हिरवा दिसला तरच फेरीबोटीच्या किंवा बार्जच्या तांडेलाला कळतं की हा दिवा किनाऱ्यावरचा नाही, चालत्या होडीचा आहे, आणि ती अमुक दिशेला चालली आहे. तुमच्या शापोरात काळोख जास्त, पण मुखाजवळ ट्रॉलर ये-जा करतात आणि वाळूच्या पट्ट्यामुळे सगळ्यांना त्याच अरुंद पाण्यातून जावं लागतं.

बसवायचे कुठे? लाल-हिरव्यासाठी नाळेवर मधोमध एकाच डब्यातला जोड-दिवा घ्या. एवढ्या होडीला तो चालतो. प्रत्येक रंग अगदी समोरून सुरू होऊन आपल्या बाजूने ११२.५ अंशांपर्यंत दिसावा लागतो, म्हणून डबा होडीच्या मध्यरेषेवर अचूक सरळ बसवावा लागतो. दहा अंश तिरका बसला तर तुम्ही समोरून येताय की बाजूने चालला आहात हे दुसऱ्याला चुकीचं कळेल. आणखी एक बाब सहसा कुणी सांगत नाही. आउटबोर्डवाली होडी वेग घेते तेव्हा नाळ वर उचलली जाते. धक्क्याला बांधलेल्या रिकाम्या होडीवर पातळी लावून बसवलेला दिवा पाण्यावर धावताना आकाशाकडे बघतो. म्हणून स्क्रू मारण्याआधी नेहमीची माणसं नेहमीच्या जागी बसवून, नेहमीच्या वेगात एक फेरी मारा, नाळ किती उचलते ते बघा, आणि त्या बेताने दिव्याखाली पाचर द्या.

पांढरा दिवा लाल-हिरव्यापेक्षा किमान एक मीटर उंच हवा. तो मागच्या बाजूला काठीवर लावा आणि काठी इतकी उंच ठेवा की उभ्या माणसाच्या डोक्याने तो झाकला जाणार नाही. दिव्याच्या बुडाशी एक छोटी काळी चकती बसवली की उजेड खाली होडीत, म्हणजे तुमच्या डोळ्यांत, पडत नाही. बाजारात काढता-घालता येणाऱ्या काठ्या मिळतात, खाली दोन पिनांचं सॉकेट असलेल्या. मी त्या बसवत नाही. त्या सॉकेटमध्ये खारं पाणी साचतं, पिना हिरव्या पडतात आणि ऐन वेळी दिवा लागत नाही. बिजागरीवर आडवी होणारी काठी घ्या आणि तार आतून अखंड खालपर्यंत आणा.

स्विच दोन घ्या, एक पांढऱ्याचा, एक लाल-हिरव्याचा. इंजिन बंद करून गरी टाकून वाहत असलात तरी नियमाने तुम्ही चालत्या होडीतच मोडता; तिन्ही रंग सुरू ठेवा. नांगर टाकलात की लाल-हिरवा बंद, फक्त पांढरा. मासेमारीच्या होड्यांचे एकावर एक लावायचे वेगळे दिवे गरीवाल्यांसाठी नाहीत, ते जाळ्यामुळे वळता न येणाऱ्या होड्यांचे आहेत. ते लावू नका.

दिवे एलईडीचेच घ्या, पण लाल काचेमागे लाल एलईडी आणि हिरव्यामागे हिरवा असलेले. जुन्या दिव्यातला बल्ब काढून त्या जागी पांढरा एलईडी घातला की लाल मंद पडतो, कारण पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल रंग मुळात कमी असतो, आणि हिरवा निळसर दिसायला लागतो. डब्यावर आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा, लिहिलेलं बघा. मुलांच्या हौसेसाठी काठाने निळ्या-हिरव्या पट्ट्या लावण्याची फॅशन आली आहे. रात्री चालत्या होडीवर त्या अजिबात नकोत, कारण हिरवी पट्टी दुरून उजव्या बाजूचा दिवाच वाटते.

आता तारेकडे येतो. हा भाग नीट वाचा, कारण दिवे स्वतः क्वचितच निकामी होतात. बंद पडतात ते तारेमुळे आणि जोडांमुळे.

जुन्या होडीचं काम आलं की मी बंद दिव्याकडे जाणारी तार बोटभर सोलून बघतो. बाहेरून वेष्टण नवंकोरं असतं. आत तांबं काळं पडलेलं असतं आणि नखाने खरवडलं तर भुगा निघतो. आणखी सोलावं तर तेच, कधी कधी हातभर आतपर्यंत. टोकाला शिरलेलं खारं पाणी बारीक धाग्यांमधल्या फटींतून वर वर चढत जातं आणि वाटेत तांबं खात जातं. मग मीटर लावणारा फसतो. दिवा काढून तारेच्या टोकांना मीटर लावला की बारा व्होल्ट पुरे दिसतात, कारण मीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. दिवा जोडून, पेटवून, पेटलेल्या दिव्याच्या टोकांवर मोजा. तिथे अकराच्या खाली आकडा येतो आणि रोग कळतो. मोजमाप नेहमी दिवा चालू असताना करायचं. बॅटरीवरचा आकडा आणि दिव्यावरचा आकडा यात तीन टक्क्यांपेक्षा, म्हणजे ०.३६ व्होल्टपेक्षा, जास्त फरक नको.

म्हणून घरगुती वायरिंगची तार नको, ती कितीही चांगल्या कंपनीची असली तरी. कल्हईची तार मागा, म्हणजे जिच्या प्रत्येक धाग्यावर कथिलाचा थर असतो. दुकानात ‘टिन्ड कॉपर’ म्हणून मिळते. सोलल्यावर ती तांबडी नाही, चंदेरी दिसते. एकेरी जाड तांब्याची तार तर मुळीच नको, इंजिनाच्या थरथरीने ती आतल्या आत तुटते.

जाडीचा हिशेब सोपा आहे. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण ०.०१२ ओहम रोध असतो. बॅटरीपासून नाळेपर्यंत सहा मीटर तार धरली तर जाऊन-येऊन बारा मीटर. दोन अँपियर प्रवाहाला ०.२९ व्होल्ट घट येते, म्हणजे मर्यादेत. तुमचे दिवे तर दोन्ही मिळून पाच-सहा वॅटचे, अर्धा अँपियरच घेतील. म्हणजे १.५ ची तार भरपूर झाली. यापेक्षा बारीक तार विजेला पुरेल, पण ताणाला आणि घासण्याला टिकणार नाही. पुढेमागे पन्नास वॅटचा झोत लावायचा ठरवलात तर त्याला वेगळी २.५ ची तार ओढा.

प्रत्येक दिव्याला जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही तारा बॅटरीपर्यंत स्वतंत्र आणा. गाडीत परतीचा प्रवाह बॉडीतून जातो. होडीत तसं करायचं नसतं. फायबरमधून वीज जाणार नाही, आणि ॲल्युमिनियमच्या होडीत जाईल तर पत्रा खाऊन टाकेल.

जोड जितके कमी तितकं बरं. जिथे द्यावाच लागेल तिथे कल्हईची पिन किंवा नळी चांगल्या पकडीने दाबून बसवा आणि वर आतून डिंक असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवा. हीट गनने तापवल्यावर दोन्ही टोकांतून डिंकाचा थेंब बाहेर आलेला दिसला पाहिजे. तो दिसला तरच पाणी शिरणार नाही याची खात्री. नुसता डाग देऊन जोडू नका; वितळलेलं कथील धाग्यांतून वर चढतं, तिथे तार ताठ होते आणि थरथरीने त्याच्या काठावर तुटते. पीळ मारून काळी टेप गुंडाळणं तर विसराच. आपल्या उन्हात त्या टेपचा चिकटा महिन्याभरात वितळून ओघळतो. तार जिथे फायबरमधून जाते तिथे रबरी कडं किंवा ग्लँड लावा, आणि दिव्यात शिरण्याआधी तारेला खाली एक वळसा द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी दिव्यात न जाता त्या वळशावरून टपकून जाईल. वीतभर अंतरावर क्लिपा मारा. लोंबती तार गरीत अडकतेच.

फ्यूज दिव्यासाठी नसतो, तारेसाठी असतो. साधी बॅटरीसुद्धा तारा एकमेकींना लागल्या तर क्षणभर शेकडो अँपियर देते, तार लाल होते आणि फायबर पेट घेतं. म्हणून बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत पंधरा अँपियरचा मुख्य फ्यूज, तिथून ४ चौरस मिलिमीटरची तार स्विचच्या पॅनेलपर्यंत, आणि पॅनेलवर प्रत्येक दिव्याला तीन किंवा पाच अँपियरचा स्वतंत्र फ्यूज. लाल-हिरव्याचा फ्यूज गेला तरी पांढरा सुरू राहतो. मुख्य फ्यूजच्या लगेच पुढे एक मुख्य स्विच बसवा आणि होडी सोडताना तो बंद करण्याची सवय लावा.

पेट्रोलची गोष्ट मी प्रत्येकाला वेगळी सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, होडीच्या तळाशी साचून राहते. साधा स्विच उघडताना-मिटताना बारीक ठिणगी पडते. तुमची टाकी मागच्या बाकाखाली असणार. तिथे बॅटरी, फ्यूज, स्विच यातलं काहीही ठेवू नका. बॅटरी मधल्या बाकाखाली, डब्यात, पट्ट्याने आवळून, टोकांवर रबरी टोप्या घालून ठेवा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो वर जातो, म्हणून डब्याच्या झाकणाला भोकं हवीत.

स्कूटरची बॅटरी चालेल का? कागदावर हो. अर्धा अँपियर चार तास म्हणजे दोन अँपियर-तास. पाच अँपियर-तासांच्या बॅटरीतून निम्मं वापरायचं धरलं तर अडीच मिळतात. पण तुमची बॅटरी जुनी आहे, ती पाच देणारच नाही, आणि होडीवर वीज आली की फोनचं चार्जिंग, पाणी उपसायचा छोटा पंप हे मागोमाग येतंच. पंप एकटा तीन अँपियर घेतो. म्हणून किमान २० अँपियर-तासांची नवी सीलबंद बॅटरी घ्या. लेड-ॲसिड निम्म्याहून खाली उतरवायची नाही: विश्रांतीत १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. परवडत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. वजन निम्म्याहून कमी, आणि जवळजवळ सगळी साठवण वापरता येते. मात्र तिला तिचाच चार्जर लागतो. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी होडीत नको. जड असते, आणि लाटेवर ॲसिड सांडतं.

इंजिनावर चार्जिंग हे मॉडेलवर ठरतं. दोरीने सुरू होणाऱ्या पुष्कळ आउटबोर्डना चार्जिंगची सोयच नसते. काहींना दिव्यासाठी कॉइल असते, पण तिच्यातून निघणारी वीज उलटसुलट वाहणारी, एसी असते आणि वेगाबरोबर तिचा व्होल्टेज चढत जातो. ती थेट एलईडीला किंवा बॅटरीला जोडली तर दोन्ही जातील. मध्ये त्या इंजिनाचाच रेक्टिफायर-रेग्युलेटर लागतो, म्हणजे एसीची डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा. पुस्तिका बघा. सोय नसेल तर तिच्यामागे लागू नका. छताच्या कापडावर वीस वॅटचं सोलर पॅनेल आणि छोटा चार्ज कंट्रोलर बसवा. आपल्याकडच्या उन्हात दिवसाला पाच-सहा अँपियर-तास सहज भरतात आणि तुम्हाला लागतात दोन. किंवा बॅटरी उचलून घरी नेऊन चार्ज करा, तेही वाईट नाही.

राहिला मेस्त्री. गाड्यांचा मेस्त्री हाताने तयार असतो, काम करू शकेल. पण त्याला चार गोष्टी आधी बजावून सांगा, कारण त्याच्या सवयी वेगळ्या असतात: कल्हईची तार तुम्ही आणून द्याल, परतीची तार प्रत्येक दिव्याची वेगळी, टेप कुठेही नाही, आणि मुख्य फ्यूज बॅटरीला चिकटून. पहिला जोड तुमच्यासमोर करायला सांगा आणि तो जोरात ओढून बघा. हातात आला तर बाकीचे तसेच असणार. ओढलेल्या तारांचे फोटो काढून ठेवा, पुढे दुरुस्तीला लागतात.

काम झाल्यावर होडी धक्क्याला बांधून काळोखात दिवे लावा आणि घरातल्या कुणाला तरी धक्क्यावरून चालायला सांगा. अगदी समोरून लाल आणि हिरवा दोन्ही दिसले पाहिजेत, पाऊलभर बाजूला सरकलं की एकच, आणि मागून फक्त पांढरा. मग बादलीने दिव्यांवर, पॅनेलवर, तारांच्या तोंडांवर पाणी मारा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मीटर लावून तो ०.३६ चा हिशेब बघा. नोंदणीचे कागद बंदर कप्तान खात्याचे असतात. त्यांवर रात्री चालवण्याबद्दल काही अट लिहिली असेल तर तीही आधी वाचून घ्या. जादा फ्यूज आणि विजेरी मधल्या बाकाखालच्या डब्यात ठेवा, आणि जूनमध्ये होडी वर काढाल तेव्हा बॅटरी सोडवून घरी न्या, महिन्यातून एकदा चार्ज करा.